कम्युनियनला न उठणारी सासू

माझी सासू नांदेडला आमच्याकडे कायमची राहायला आली, त्या पहिल्याच रविवारी चर्चमध्ये कम्युनियनची रांग लागली आणि ती बाकावरून उठली नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, की हिला कळलं.

आमच्यात नसलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय ते उमगणार नाही, म्हणून सांगते. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपत आली की एकेका बाकावरची माणसं उठतात, रांगेनं फादरपुढे जातात आणि पवित्र भाकर घेऊन परत येतात. ती ख्रिस्ताचं शरीर आहे अशी आम्हा कॅथलिकांची श्रद्धा. ज्याच्या माथी मोठं पाप आहे आणि ज्यानं ते कन्फेशनमध्ये फादरपुढे कबूल केलेलं नाही, त्यानं उठायचं नसतं. त्याला कुणी काही विचारत नाही, तशी गरजच पडत नाही. आमचं चर्च साठ-सत्तर घरांचं. कोण बसलं ते सगळ्यांना दिसतं, आणि का बसलं याची चार कारणं संध्याकाळपर्यंत तयार असतात.

आता पाप माझं होतं, सासूचं नव्हतं. चार वर्षांपूर्वी धाकटी झाली तेव्हा सिझर करावं लागलं आणि त्याच टेबलावर मी ऑपरेशन करून घेतलं. आमच्या भागात नुसतं 'ऑपरेशन' म्हटलं की कुठलं ते बाईमाणसाला वेगळं सांगावं लागत नाही. सही आधीच केलेली होती. मूल बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी हिरव्या पडद्यावरून डोकावून पुन्हा विचारलं, "दुसरीही मुलगीच आहे हं, नक्की ना?" मी म्हटलं, नक्की.

मी मुदखेडच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. नोकरीला लागताना लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लिहून दिलेलं. दोनाची तीन लेकरं झाली की नोकरी धोक्यात. हे झालं सांगण्यासारखं कारण. खरं कारण जुनं आहे. माझं माहेर लातूरचं, आम्ही सहा भावंडं. आईला एका जागी बसून, गरम भाकरी पानात घेऊन जेवताना मी कधीच पाहिलं नाही. कुणी विचारलं तर ती म्हणायची, देवानं दिली. देवानं दिली हे खरंच, पण सहा जणांचं धुणं देव धूत नव्हता. मी दहावीत असतानाच मनाशी ठरवून टाकलं होतं की आपण दोनावर थांबायचं.

चर्चचं म्हणणं मला ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. मूल ही देवाची देणगी, गोळी नको, ऑपरेशन तर मुळीच नको. अंतर ठेवायचंच असेल तर महिन्याचे दिवस पाहून नवराबायकोनं संयम पाळायचा. हे सगळं मला पाठ होतं, कारण ते मीच शिकवत होते! आमच्यात लग्नाआधी वधूवरांना चर्चमध्ये दोन दिवसांचा कोर्स करावा लागतो. आमच्या दोन मुलींत पाच वर्षांचं अंतर, त्यापुढे पाळणा हललेला नाही, आणि दोघं दर रविवारी मिस्सेला हजर. त्यामुळे फादरांना आम्ही आदर्श जोडपं वाटलो. नैसर्गिक पद्धतीवर बोलायला ते आम्हालाच बोलवायचे. मी फळ्यावर अठ्ठावीस खाने आखून लाल आणि हिरव्या खडूनं दिवस दाखवायची. नवरा मागे उभा राहून मान डोलवायचा. लाज वाटायची का? वाटायची. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

कन्फेशनला मी जात होते. रागावले, खोटं बोलले, नवऱ्याला उलटून बोलले, अशी ठरलेली यादी म्हणून येत होते. ऑपरेशनचं नाव काढत नव्हते. माफी मिळायला पस्तावा लागतो आणि तो मला एक दिवसही झाला नाही. खोटा पस्तावा सांगायची माझी तयारी नव्हती, अन् बाकावर बसून राहायची छाती नव्हती. म्हणून मी दर रविवारी रांगेत उभी राहायची आणि जीभ पुढे करायची.

अशा बाईच्या शेजारी सासू बसून राहते, याचा अर्थ ती काय लावणार? चोराच्या मनात चांदणं.

सासू लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका खेड्यातली. सात बाळंतपणं, त्यातली चार लेकरं हयात. पण कुणी विचारलं तर "सात लेकरं" असंच सांगायची, मेलेली वगळायची नाही. सासरे गेल्यावर ती गावात एकटीच राहिली. तिथं फादर महिन्यातून एकदा येऊन एका घराच्या ओसरीवर मिस्सा करत. नाताळ-ईस्टरला आम्ही लातूरला माझ्या माहेरी जायचो, त्यामुळे तिच्यासोबत मिस्सेला बसायची वेळ मला क्वचितच आली होती. गुडघे गेले तेव्हा नवऱ्यानं दिवाळीच्या सुट्टीत तिला नांदेडला आणलं. बाई अशी की सकाळ-संध्याकाळ जपमाळ, चर्चमध्ये चप्पल बाहेर काढून जाणार, गाणी सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणणार. आणि कम्युनियनला मात्र पदर डोक्यावर ओढून जागच्या जागी बसणार.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्यालाही तेच.

मी नवऱ्याला म्हटलं, "तुमची आई का उठत नाही?"

"गुडघे दुखत असतील."

"भाजी आणायला तर तरातरा जातात."

"मग तूच विचार," म्हणून त्यानं मोबाईल उचलला.

विचारणार कशी? विचारलं की उलट प्रश्न येणार. मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. ती माझ्यावर नजर ठेवून आहे अशी माझी खात्रीच होती. मी गोळी घेतली की ती विचारायची, "कशाची गं?" डोकेदुखीची असायची, पण मी पाकीट दाखवून खुलासा करायची. महिन्याची अडचण आली की ती न सांगताच पाणी तापवून द्यायची, आणि मला वाटायचं, दिवस मोजते आहे. थोरलीच्या केसांना तेल लावताना एकदा म्हणाली, "दोगीच हायेत, जपाव लागतं." यात टोमणा कुठला होता? पण त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

पण बातमी फोडली कुणी, हा खरा प्रश्न होता. पहिला संशय माझ्या शाळेतल्या मैत्रिणीवर. आम्ही दोघी नांदेडहून एकाच गाडीनं जातो. ती बौद्ध घरातली, तिच्या घरी हा विषय लपवायचा नाहीच. "मला तर माझी सासूच घेऊन गेली होती दवाखान्यात. दोन झाल्यावर म्हणली, चल, आता मोकळी हो," असं ती गाडीत मोठ्यानं सांगायची. तिच्या या मोकळेपणामुळेच मी एकदा तिच्यापाशी मन मोकळं केलं होतं. आणि थोरलीच्या वाढदिवसाला ही बाई माझ्या सासूशेजारी तासभर बसून शेंगदाणे सोलत होती. मी गाडीत तिला आडून आडून विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुला काय विचारायचंय ते सरळ विचार. मी काही बोलले नाही. पण खरं सांगू का, तुमच्यात देव फारच आत शिरतो बाई." दोन दिवस ती दुसऱ्या डब्यात बसली. बरोबरच होतं तिचं.

मग संशय गेला चर्चच्या दवाखान्यातल्या नन सिस्टरवर, जी बाळंतपणात मला भेटायला वॉर्डात आली होती आणि पलंगाला अडकवलेला कागद वाचत उभी राहिली होती. पण तिची बदली होऊन तीन वर्षं झालेली. मग उरले फादर. त्यांना मी सांगितलंच नव्हतं, तरी संशय घ्यायला माझी हरकत नव्हती. मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले, थोरलीच्या पहिल्या कम्युनियनची तयारी कुठवर आली ते विचारायचं निमित्त करून. निघता निघता म्हटलं, "फादर, आमच्या सासूबाई कम्युनियनला येत नाहीत, तुमच्या लक्षात आलंय का?"

"आलंय."

"का येत नाहीत?"

"ते त्यांना विचारावं," एवढंच म्हणून ते चष्मा पुसायला लागले. एवढा वेळ कुणी चष्मा पुसतं का?

तोवर चर्चमध्ये कुजबुज सुरू झालीच होती. म्हातारीचं सुनेशी भांडण आहे. नाही, गावाकडं जमिनीवरून दिराशी वैर आहे. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "करणी-बिरणी तर केली नाही ना कुणाला?" मला सासूची दया यायला हवी होती. मला तिचा राग आला. वाटलं, ही मुद्दाम बसते. हिच्याकडं बोट गेलं की लोक खोदणार, आणि खोदत खोदत माझ्यापर्यंत येणार. एक शब्द न बोलता सुनेचा पाणउतारा करायची ही तऱ्हा आहे.

त्यात थोरलीचं पहिलं कम्युनियन जवळ येत होतं. आमच्या चर्चची रीत अशी, की त्या दिवशी लेकरू पांढरे कपडे घालून रांगेत सर्वांच्या पुढे जातं आणि त्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आजी असते. तिघांनी एकापाठोपाठ प्रसाद घ्यायचा. थोरली घरात तालीम करायची. बिस्किटाचा तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटायची आणि आजीला म्हणायची, "आता तू." आजी म्हणायची, "माझं ऱ्हाऊ दे माय." पोरीचा चेहरा उतरायचा.

ईस्टरच्या दिवशीही ती उठली नाही. वर्षभर न उठणारेही त्या दिवशी उठतात. दारुडे उठतात, कोर्टात भांडणारे भाऊ एकामागं एक उभे राहतात. आणि ही बाई नवं लुगडं नेसून, माझ्या मुलींच्या डोळ्यांदेखत खाली मान घालून बसून राहिली.

घरी आल्यावर मटणाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. ती खाली बसून लसूण सोलत होती.

"आत्याबाई, तुम्हाला मला काय बोलायचं ते तोंडावर बोला. लोकांसमोर हे नाटक बंद करा."

"कोण्तं नाटक गं?"

"बसून राहायचं. मी ऑपरेशन केलं हे तुम्हाला कळलंय ना? कुणी सांगितलं?"

तिनं लसणाची पाकळी वाटीत टाकली. "लेकानं. धाकटी झाली त्याच दिशी. वॉर्डाच्या भायेर मी इचारलं, आता पुढं कसं, तर म्हनला, आई, बंद केलं."

नवरा! ज्याच्यावर मी एकदाही संशय घेतला नव्हता. पुढे त्याला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "आईनं विचारलं, मी सांगितलं. तू कधी विचारलंच नाहीस." पण ते नंतर.

"म्हणजे चार वर्षं माहीत आहे? मग आत्ताच का बसायला लागलात?"

"आत्ता कुटं? तवापासूनच बसून राहिले की मी. गावाकडं तू बगाया नव्हतीस."

मला काही कळेना. मी म्हटलं, पाप माझं, तुम्ही कशाला बसता?

ती बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते. "मी फादरकडं गेल्ते, आदी गावाकडच्या, हितं आल्यावर हितल्या बी. दोगांना म्हनलं, माझ्या सुनंचं पाप माझ्या नावावर घ्या आन मला काय सजा द्यायची ती द्या. ते म्हनले, असं न्हाई करता येत आजी, ज्येचं त्यानंच सांगाव लागतं. म्हनलं, ती न्हाई सांगायची, मी वळखते तिला. मग मीच ठरीवलं. तू तर खोटंच उठून राहिलीस दर रईवारी. घरातलं कुनीतरी एक बसाय पायजे का न्हाई? देवाला कळाय पायजे, की या घराला लाज हाय. तू बसलीस तर लोकं बोलत्याल, तुझी नोकरी, तुझा तो कोर्स. मला म्हातारीला कोन काय इचारतंय?"

मटणाला उकळी फुटली होती. मी गॅस बारीक केला, कारण हाताला दुसरं काही सुचेना.

"तुम्हाला राग नाही आला माझा?"

"आला की. नातू पायजे होता मला, खोटं कशाला बोलू? आन पाप ते पापच हाय." तिनं पुढची पाकळी सोलायला घेतली. "पाचव्याच्या टायमाला गावात ऑपरेशनची जीप आल्ती. मी लुगडं बदलून निगाले होते. सासूनं कडी घातली भायेरून. म्हनली, ख्रिस्ती बाई हायेस, देवाचं दार बंद करतीस का? त्येच्यामागून दोन झाली अन् दोनी गेली." बोलताना तिचा आवाज जराही बदलला नाही. चार वर्षं मी हिच्या तोंडचा घास काढून खात होते आणि वर तिच्यावरच पहारा ठेवत होते. मला स्वतःची किळस आली.

मी म्हटलं, "मी कन्फेशनला जाते. सांगते सगळं. मग तुम्ही उठाल?"

"पस्तावा झालाय?"

"नाही."

"मग कशाला जातीस, देवाला फशीवाया?" तिनं वाटी माझ्यापुढे सरकवली. "लसूण घे."

मग एकच वाट उरली होती. मी आधी फादरांना भेटून सांगितलं की पुढच्या कोर्सला दुसरं जोडपं बघा. त्यांनी कारण विचारलं नाही. बरं, म्हणाले. त्यांचा चष्मा त्या दिवशी स्वच्छ होता, तरी त्यांनी तो पुसला. थोरलीला मी घरीच समजावलं, की तुझ्यासोबत आजी आणि बाबा येतील, आई बाकावर बसेल, आणि का ते तू मोठी झालीस की सांगेन. तिनं विचारलं, "तू पाप केलंस का?" मी म्हटलं, चर्च म्हणतं केलं. ती म्हणाली, "आणि तू काय म्हणतेस?" नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगणार? मी तिच्या वेणीला पांढरी रिबीन बांधत बसले.

सासूला सांगणं जास्त अवघड गेलं. ती ऐकेना. शेवटी मी म्हटलं, "घरातलं कुणीतरी एक बसायला पाहिजे ना? मग ज्याचं त्यानंच बसावं. तुम्ही आता माझी जागा सोडा." ती उठून लुगड्याची घडी काढायला आत गेली.

त्या रविवारी चर्च गच्च भरलेलं. रांग लागली. थोरली पुढे झाली, तिच्या एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला अनवाणी, गुडघ्यावर हात दाबत चालणारी आजी. धाकटी माझ्या मांडीवर. शेजारची बाई माझ्या गुडघ्यांवरून पलीकडे जाताना थबकली, तिनं मी उठायची वाट पाहिली, आणि मग तिचे डोळे मोठे झाले. संध्याकाळची चार कारणं तिथंच तयार व्हायला लागली. पळून जावंसं वाटलं. मी धाकटीला घट्ट धरून बसले. तिकडं फादरांनी हात पुढे केला आणि सासूनं चार वर्षांनी तोंड उघडलं. तिचे खांदे हलताना मला मागून दिसले.

मान खाली घालायची म्हटलं तर लोकांना आयतंच मिळालं असतं, म्हणून मी समोर बघत राहिले. आजवर मी स्वतः रांगेत असायची, रांग अशी बाहेरून कधी पाहिली नव्हती. नवरा, बायको, दोन लेकरं. त्यांच्या मागं नवरा, बायको, दोन लेकरं. मग एकच लेकरू असलेली. मग पुन्हा दोन. पहिल्या बाकावरचे जपमाळ चालवणारे, लग्नाच्या कोर्सला माझं बोलणं वहीत उतरून घेतलेले, "देव देईल तेवढी" म्हणणारे, सगळे पांढरेशुभ्र कपडे घालून, हात जोडून पुढं सरकत होते. पन्नाशीच्या आतल्या एकाही बाईमागं तिसरं लेकरू नव्हतं. एवढा संयम? सगळ्यांच्याच घरी? माझी नजर संशयी आहे हे मान्य, पण मलाही मोजता येतं.

सासू परत येऊन माझ्याशेजारी बसली. ओठ मिटलेले, गाल ओले. मला राहवलं नाही, तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आत्याबाई, हे सगळे तर दोनदोनवालेच आहेत."

ती समोर बघतच पुटपुटली, "मला दिवाळीपासून मालूम हाय. बसून बसून तेच तर बगत होते."

"मग त्यांच्यातलं कुणीच बसत नाही, अन् तुम्ही कशाला बसलात एवढं?"

"त्येंच्या घरचं त्येंच्यापाशी," ती म्हणाली आणि धाकटीला माझ्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलं. "तू माझ्या घरची हायेस."